नाही म्हणणारं दुकान

आमच्या दुकानात काय मिळतं हे भूमच्या लोकांना माहीत होतंच, पण दुकानाचं नाव झालं ते तिथं काय मिळत नाही यावरून. झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. खोकल्याची बाटली त्याच पोराला आठवड्यात दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हशीला टोचायचं पान्ह्याचं इंजेक्शन तर कधीच मिळत नाही. "तिकडं नका जाऊ, अण्णा लई चौकशा करतेत," असं लोक एकमेकांना सांगायचे, आणि घरात खरंखुरं दुखणं शिरलं की त्याच पायऱ्या चढून वर यायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. साऱ्या गावाने त्यांना अण्णा करून टाकलं होतं, मग घरातही तेच रुळलं. अंगात पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं हिशेबाला, लाल मुदतीच्या तारखांना. ही पेनं घरात कुणी चुकूनही अदलाबदल करायची नाहीत, एवढा एक दंडक आम्हा भावंडांना फार लहानपणी कळला होता.

भूम हे बालाघाटच्या पठारावरचं, बाणगंगेकाठचं तालुक्याचं गाव. आज जिल्ह्याचं नाव धाराशिव आहे; आमच्या पावतीपुस्तकावर उस्मानाबाद छापलेलं असायचं. पावसाच्या भरवशावरची शेती, तिला म्हशींचा टेकू, आणि म्हशींच्या जिवावर पेटणाऱ्या खव्याच्या भट्ट्या, असा इथला संसार. दिवाळी तोंडावर आली की भट्ट्यांना उसंत नसायची. खवा पुण्या-मुंबईकडे निघायचा आणि बार्शी-सोलापूरच्या होलसेलवाल्यांकडून औषधांची खोकी एसटीच्या टपावरून गावात उतरायची. मोठं दुखणं बार्शीला, त्याहून मोठं सोलापूरला नाहीतर पुण्याला. बाकी सगळा भार गावातल्या दवाखान्यांवर आणि मेडिकलवर.

दुकान चिमुकलं. किरकोळ औषधविक्रीला कायद्याने निदान दहा चौरस मीटर जागा लागते, आमची त्याहून हातभर जास्त असेल. दर्शनी भिंतीवर फॉर्म २० आणि फॉर्म २१ वरचे दोन परवाने काचेत बसवलेले, शेजारी अण्णांचं फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र आणि वर धन्वंतरीची तसबीर. सकाळी उदबत्ती ओवाळताना हात तसबिरीवरून खाली उतरायचा आणि परवान्यांनाही एक फेरी मारायचा. आई म्हणायची, "देवापेक्षा सरकारलाच धूर जास्त मिळतोय." अण्णांचं उत्तर ठरलेलं: "देव सांभाळून घेतो गं. ह्या कागदाला सांभाळावं लागतं."

त्या कागदामागची कथा ते आम्हाला रंगवून सांगत. इंग्रजांच्या काळात बाजारात बनावट आणि कमअस्सल औषधं इतकी बोकाळली की १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांची चौकशी समिती नेमावी लागली. त्या समितीच्या शिफारशींतून पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम आले, आणि औषध नेमकं कुणाच्या हातून दिलं जावं हे १९४८ च्या फार्मसी कायद्याने ठरवलं. भूम तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, पण निजामाच्या शाळांचा एक ठसा गावात पुढे कितीतरी वर्षं राहिला. म्हाताऱ्या मंडळींपैकी काहींना उर्दू झरझर वाचता यायचं आणि देवनागरीत मात्र अडखळायला व्हायचं. आमच्या कंपाउंडरचाचांचा त्यासाठी मोठा उपयोग. 'सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर' हे ते पुडीवर उर्दूत लिहून द्यायचे. ज्यांना दोन्ही लिप्या येत नव्हत्या त्यांच्यासाठी अण्णा पाकिटावर चित्र काढायचे: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्रकोर. सूर्याखाली जितकी टिंबं तितक्या गोळ्या. आणि एवढं करूनही गिऱ्हाइकाला सोडायचे नाहीत. "आता तुम्ही मला सांगा, कधी घ्यायची?" असं विचारून त्याच्याच तोंडून सगळं वदवून घ्यायचे. एखादा चिडायचा, "शाळा हाय का काय अण्णा?" अण्णा शांतपणे म्हणायचे, "हाय. सांगा."

माझ्या लहानपणी औषधं निम्मीशी दुकानाच्या आतल्या खोलीत तयार व्हायची. संगमरवरी खल, काचेचा मोजपेला, मलम घोटायची पाटी आणि लवचीक सुरी, टिंक्चर आयोडीनच्या तपकिरी बाटल्या, जांभळं औषध, लाल औषध, बोरिक पावडर. मिक्स्चर न्यायला लोक घरून बाटली आणायचे आणि बाटली पाहूनच अण्णांचा पहिला नकार सुरू व्हायचा. रॉकेलची बाटली नाही. गोडेतेलाची नाही. आत थेंबभर पाणी राहिलेली नाही. उकळून उपडी टाकून सुकवलेली, नव्या बुचाची बाटली असली तरच आत मिक्स्चर पडणार. बाटलीला लावायच्या कागदी पट्ट्या कातरणं हे माझं काम. कागदाची घडी घालून दोन्ही कडांना समान अंतरावर खाचा मारायच्या, उलगडलं की डोसाच्या खुणा तयार. खाच तिरकी गेली तर अण्णा पट्टी फाडून टाकायचे आणि नवा कागद पुढे करायचे. वरती लेबल: 'हलवून घ्यावे'. बाजाराच्या दिवशी एका आजीने बाटलीऐवजी स्वतःच डोलून घेतल्याचा किस्सा चाचा दर वर्षी नव्याने सांगायचे. तो खरा किती हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दिवाळीची साफसफाई म्हणजे बाकीच्यांच्या घरी जाळ्या काढणं आणि डबे घासणं. आमच्याकडे ते औषधांचं पंचांग वाचणं होतं. घरच्या कामातून सुटका नव्हतीच, वर दुकानातली भर. एकेक कप्पा रिकामा करायचा, फडक्याने पुसायचा, प्रत्येक खोक्यावरची मुदत मोठ्याने वाचायची. माझी नजर तेव्हा तल्लख, म्हणून बारीक ठशातले आकडे वाचायचा मान माझा. तीन महिन्यांत संपणाऱ्या औषधावर लाल पेनाने गोल. आधी संपणारं पुढे, मागाहून संपणारं मागे. संपलेलं असेल ते उचलून पत्र्याच्या वेगळ्या पेटीत, जिच्यावर मोठ्या अक्षरात 'विक्रीसाठी नाही' असं लिहिलेलं होतं. ती पेटी कंपनीकडे परत जाईपर्यंत तिला कुलूप. दिवाळीच्या आधी एक-दोन ओळखीचे हमखास यायचे: "टाकूनच द्यायच्यात तर आम्हाला द्या की अण्णा, महिनाभरानं काय हुतंय?" अण्णा त्यांना टेट्रासायक्लिनचा दाखला द्यायचे. १९६० च्या दशकात मुदत उलटलेल्या टेट्रासायक्लिनने माणसांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं होतं. ॲस्पिरिनचा धडा मात्र ते नाकाने शिकवायचे. जुन्या बाटलीचं बूच काढून आमच्या नाकाशी धरायचे आणि व्हिनेगरचा वास आला की म्हणायचे, "ही मोडली. आता हिचं ॲसिड होतंय."

धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा, धने-गुळाचा प्रसाद. त्या संध्याकाळी स्टँडपासून बाजारापर्यंतची सगळी मेडिकलवाली मंडळी एकमेकांच्या दुकानात जाऊन पानसुपारी घ्यायची. धंद्यातली चुरस त्या दिवसापुरती उंबऱ्याबाहेर. गप्पा मात्र धंद्याच्याच: कुठल्या कंपनीचा माल अडलाय, कुणाकडे इन्स्पेक्टर येऊन गेला, किमतीच्या नव्या सरकारी हुकमाने कुठलं औषध किती उतरलं. पाकिटावर किंमत छापून पुढे 'स्थानिक कर वेगळे' असं लिहायचे दिवस होते ते, आणि त्या वेगळ्या करावरून गिऱ्हाइकाशी होणारी हुज्जत प्रत्येकाची वेगळी.

दुकानात एक कात्री होती आणि ती धरायची एक रीत होती. दहा गोळ्यांच्या पट्टीतून कुणाला चारच हव्या असतील तर कापायला सुरुवात कुठून करायची? जिकडे बॅच नंबर आणि मुदत छापलेली नाही तिकडून. छापलेलं टोक शेवटची गोळी जाईपर्यंत दुकानातच राहिलं पाहिजे आणि पावतीवर बॅच नंबर उतरला पाहिजे. चार गोळ्यांना पावती हे त्या काळी गावाला फारच अपरूप वाटायचं. लोक ती चुरगळून पायरीवरच टाकायचे. अण्णा संध्याकाळी झाडताना त्या उचलून पाहायचे आणि फक्त मान हलवायचे.

त्या पावतीचं मोल एकदा वर्तमानपत्रानेच सांगितलं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवायला ते देत असत, आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन मिसळलेलं निघालं. गोडसर, दाटसर, पाण्याइतकं स्वच्छ. डोळ्याला फरक दिसत नाही, जिभेलाही लागत नाही, आणि मूत्रपिंडं बंद पडतात. १९३७ साली अमेरिकेत याच विषाने शंभराहून अधिक माणसं गेली होती आणि त्यानंतरच तिथला औषध कायदा कडक झाला होता. आता ते मुंबईत निघालं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. मग कित्येक महिने साक्षींच्या बातम्या येत राहिल्या: स्वस्तात खरेदी कशी झाली, तपासणीचे अहवाल कसे रखडले, ज्यांनी पहारा द्यायचा ते अन्न व औषध प्रशासनच कसं सैल होतं. अण्णा त्या बातम्या कात्रून ठेवायचे.

पहिली बातमी आली त्या सकाळी त्यांनी काय केलं ते मला लख्ख आठवतं. आमच्याकडे तोंड आलेल्या पोरांसाठी ग्लिसरीनमध्ये बोरॅक्स खलून ठेवलेलं असायचं. ती बाटली आणि ग्लिसरीनचा मोठा कॅन दोन्ही त्यांनी फळीवरून उतरवले आणि कुलपाच्या पेटीत ठेवले. खरेदीची बिलं काढली, बॅच नंबर पाहिला, बार्शीला पत्र टाकलं. आमच्या मालाचा मुंबईच्या मालाशी संबंध निघाला नाही. पण तसं कागदावर येईपर्यंत तोंड आलेल्या पोरांना त्यांनी तूप लावायला सांगितलं. चाचा म्हणाले, "अण्णा, आपला माल चांगला हाय, मला खात्री हाय." अण्णा म्हणाले, "जे. जे. वाल्यांनाही होती."

उन्हाळा हा दुकानाचा खरा इन्स्पेक्टर. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडायचा आणि पाकिटांवर तर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं छापलेलं. गच्चीला चुना, वर ओली पोती, दारात वाळ्याचा पडदा आणि भिंतीला थर्मामीटर. कॅप्सुला एकमेकींना चिकटू लागल्या की समजायचं, हा कप्पा बदलायला हवा. इन्सुलिन, धनुर्वाताची लस यांना दोन ते आठ अंशांतच राहावं लागतं. फ्रिज येण्याआधी ती बार्शीहून थर्मासात बर्फ घालून यायची, तीही ज्या दिवशी लागणार त्या दिवशीच. कंडक्टरला थर्मास मांडीवर घेऊन बसायची विनंती असायची आणि भूम डेपोचे कंडक्टर ती पाळायचे. पुढे फ्रिज आला आणि त्याच्यामागोमाग भारनियमनही आलं. २००५ नंतरच्या काही वर्षांत खेड्यापाड्यांत दिवसातले दहा-बारा तास वीज नसायची. फ्रिजचं दार दिवसातून ठरावीक वेळीच उघडायचं, आत बर्फाच्या पिशव्या, दारावर वही आणि वहीत सकाळ-संध्याकाळ तापमान. त्या फ्रिजात पाण्याची बाटली ठेवायची आमच्यापैकी कुणालाही परवानगी नव्हती. आंबे तर नाहीच नाही. घरी इन्सुलिन नेणाऱ्यांना अण्णा एक जुनी युक्ती शिकवायचे: माठात माठ ठेवा, मधे ओली वाळू, आत पिशवीत गुंडाळलेली कुपी. आणि बजावायचे, बर्फाला चिकटू द्यायची नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही.

खव्याच्या गावात औषधाचं दुकान चालवायचं म्हणजे माणसांबरोबर जनावरांचंही पाहावं लागतं. म्हैस पान्हा सोडते ती रेडकू ढुसण्या देतं तेव्हा. रेडकू दगावलं तर म्हैस आटते. पूर्वी लोक मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवायचे. नंतर कुणीतरी सोपी वाट दाखवली: ऑक्सिटोसिन. बाळंतपणात गर्भाशय आवळायला, रक्तस्राव थांबवायला वापरायचं हे इंजेक्शन रोज धारेआधी म्हशीला टोचलं की दूध उतरतं. चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या औषधांत ते येतं, आणि दूध वाढवायला जनावराला काही टोचण्यावर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही शिक्षा आहे. तरी सणासुदीला दुधाची मागणी वाढली की लोक यायचे. त्यात आमच्या शेजारच्या वाडीतले एक आबा होते, बाराएक म्हशींचे धनी, अण्णांचे बालमित्र.

"अण्णा, ते पान्ह्याचं द्या की. दिवाळी हाय."

"ते बाळंतिणीचं आहे आबा. डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

"म्हशीची चिठ्ठी कोन देतंय?"

"जनावरांचे डॉक्टर देतात की. त्यांना म्हशीकडं येऊ द्या, बघू द्या."

"लई झालं तुमचं. दुसरीकडं घेतो."

"घ्या. पण चहा पिऊन जा."

आबा चहा प्यायचे, रागावून जायचे आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तोच संवाद व्हायचा.

डायक्लोफेनॅक या दुखणं थांबवणाऱ्या औषधाचंही तसंच. लंगडणाऱ्या बैलाला माणसांच्या इंजेक्शनची मोठी कुपी टोचून मोकळं व्हायची पद्धत पडली होती. तशी जनावरं मेली, गावाबाहेरच्या माळावर टाकली गेली, गिधाडांनी ती खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. माझ्या लहानपणी माळावर घिरट्या घालणारी गिधाडं पुढे दिसेनाशी झाली, तेव्हा लोक म्हणायचे, दुष्काळाने गेली. शास्त्रज्ञांनी कारण शोधलं, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, आणि २०१५ मध्ये माणसांसाठीची मोठी कुपीही बंद करून ३ मिलिलिटरचीच ठेवली. तोवर अण्णा थकले होते, गल्ल्यावर माझा थोरला भाऊ, दादा, बसायचा. अण्णा त्याला म्हणाले, "बघ, एक कुपी माणसाकडून बैलाकडं गेली आणि आभाळ रिकामं झालं."

सलाइनचा किस्सा तर दर पावसाळ्याचा. हगवण-उलटी लागली की माणूस थेट सलाइनची बाटली विकत मागायचा, "डॉक्टर लावतेत, बाटली आमची." अण्णा आधी विचारायचे, "पाणी पोटात राहतंय का?" राहत असेल तर जलसंजीवनीचं पाकीट, आणि तेवढेही पैसे नसतील तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट मोजून. जवळच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायांना आरोग्याचं शिक्षण देऊन गावोगाव उभं केलं होतं. त्या भागातली एखादी बाई आमच्या दुकानात आली की अण्णा तिला बाकावर बसवून घ्यायचे आणि उलट तिलाच विचारायचे, तुमच्याकडे हे कसं सांगतात? एखाद्या पदवीधर डॉक्टरपेक्षा त्या बाईचं लोक जास्त ऐकतात, असं त्यांचं मत होतं. 'ताकदीची बाटली' मागणाऱ्यांना तेवढ्याच पैशांत किती शेंगदाणे आणि गूळ येतो याचा हिशेब ते निळ्या पेनाने मांडून द्यायचे. टॉनिकवर नफा चांगला होता हे आईला माहीत होतं, म्हणून हा हिशेब चालू असताना ती आत भांडी जरा जोरात ठेवायची.

इन्स्पेक्टर येण्याचं दुकानांना भय. आमच्याकडे मात्र त्यांची वाट पाहिली जायची, कारण अण्णांना आपल्या वह्या दाखवायला दुसरं माणूसच नव्हतं. साहेब एखादं औषध निवडून त्याचा नमुना विकत घ्यायचे, त्याचे भाग करून सील करायचे, एक भाग सरकारी प्रयोगशाळेला, एक आमच्याकडेच. शेवटी तपासणीच्या पुस्तकात शेरा. शेरा कोरा आला की अण्णांचा चेहरा पडायचा. "काहीतरी चूक काढायला पाहिजे होती. म्हणजे नीट बघितलं म्हणायचं."

सगळीकडे हे असंच होतं असं मात्र नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि त्यावरचा माणूस दुसऱ्याच गावात नोकरीला, हा भाड्याच्या प्रमाणपत्रांचा धंदा महाराष्ट्रभर चालायचा. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर राज्यभर कारवाई सुरू केली, तेव्हा मोठा गदारोळ उठला, विक्रेत्यांनी बंदची हाक दिली. बंदला पाठिंबा द्यावा म्हणून काही मंडळी आमच्याकडे आली. अण्णा तेव्हा बाहेरच्या खुर्चीवर बसून असायचे. त्यांनी सर्वांचं ऐकून घेतलं आणि इतकंच विचारलं, "आपल्याला दुकानात बसायला सांगतायत. त्यात वाईट काय?" मंडळी चहा न घेताच उठली. मग १ मार्च २०१४ पासून एच-वन नावाची नवी अनुसूची आली: ४६ औषधं, त्यांत जबर अँटिबायोटिकं, क्षयाची औषधं आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्या. त्यांच्या विक्रीची वेगळी वही. डॉक्टर कोण, रुग्ण कोण, किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. बाकीची दुकानं नव्या वहीच्या नावाने बोटं मोडत होती. अण्णांनी दादाला पेटीतून एक जुनं रजिस्टर काढायला लावलं. त्यात कित्येक वर्षांपूर्वीपासून हेच रकाने त्यांच्या हाताने आखलेले होते.

आता दुकान माझी पुतणी चालवते. प्रमाणपत्र तिचं, चौकट तीच, काच नवी. खल शोकेसमध्ये गेलाय. मिक्स्चर नाहीत, पट्ट्या नाहीत, पावती यंत्रातून येते आणि बॅच नंबर आपोआप उमटतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० नामांकित ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड आलाय. गिऱ्हाइकाने मोबाइल धरला की कंपनी, बॅच, मुदत सगळं समोर. तरी २०२५ च्या पावसाळ्याअखेर मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि त्यात तेच डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, "काका, आपल्याकडं ते नाहीच. पण मी पोरांच्या सगळ्या खोकल्याच्या बाटल्या उतरवून बॅच तपासतेय, नंतर बोलते." फोन ठेवल्यावर मला अण्णांच्या कात्रणांची फाइल आठवली. ती तिच्याकडेच आहे.

एका लक्ष्मीपूजनाला वह्यांवर हळदकुंकू वाहून झाल्यावर मी अण्णांना विचारलं होतं, एवढं नाही-नाही म्हणून दुकान चाललं कसं? त्यांनी जुनी चोपडी ओढली आणि उधारीची पानं उलटत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "नाही म्हटल्याने जाणारा माणूस त्या गोळीपुरता जातो. चुकीचं दिल्याने जाणारा घरासकट जातो." त्यांनी मुद्दाम आबांचं पान माझ्यापुढे धरलं. उधारी चुकती, रकमा मोठ्या आणि त्यांत म्हशीचं काहीच नाही.

पान्ह्याचं इंजेक्शन आबा पुढे कुठून आणत होते, आणत होते की नाही, देव जाणे. पण त्यांच्या धाकट्या नातवाला फेपरं येऊ लागलं, रोज मोजून द्यायचं पातळ औषध सुरू झालं, तेव्हा स्टँडवर उतरून वाटेतली चार मेडिकल ओलांडत ते आमच्याकडेच यायचे. एकदा बाटलीवरची तीव्रता चिठ्ठीतल्या मापाशी जुळेना. दादाने बाटली बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर वॉर्डात, फोन काही लागेना. मागे उभा असलेला तरुण घड्याळ दाखवत करवादला, "द्या की हो पटकन, एवढं काय बघायचं त्यात?" बाकावरून आबाच ओरडले, "घाई असंल तर फुडच्या दुकानात जा, पोरा. हितं येळ लागतोय. हितं बघून देतेत."